न जन्मलेल्या बाळाची आकृती

'गर्भपात' हा एकच शब्द आपण मराठीत दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरतो. बुद्धिपुरस्सर केलेल्या कृत्यालाही तोच आणि मनाशी बाळाची नावे योजीत असलेल्या मातेवर अकस्मात कोसळलेल्या आघातालाही तोच. जेथे शब्दच धड नाही, तेथे शोकाला वाट कोठून मिळावी? कबर नाही, महिन्याचे मिस्साबलिदान नाही. 'देवाची इच्छा' एवढे म्हणून शेजारीपाजारी विषय मिटवितात. अर्धवट विणलेले टोपडे कपाटाच्या तळाशी जाते. पती दुसऱ्या दिवशी कामावर रुजू होतो. त्याचेही काही गेले आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

अशा दांपत्याने आपले दुःख चित्रात, मातीत, गाण्यात उतरवावे काय? जे डोळ्यांनी पाहिलेच नाही त्याला रूप देणे म्हणजे जखम कुरवाळीत बसणे, असा आक्षेप येतो. तो पोकळ नाही.

मेक्सिकोची चित्रकर्ती फ्रिडा काहलो हिचे पोटातले बाळ जुलै १९३२ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे, हेन्री फोर्ड इस्पितळात गेले. त्याच वर्षी तिने ते रंगविले: रक्ताळलेली खाट आणि तिच्या हातातील तांबड्या फितींना बांधलेल्या सहा वस्तू. त्यांत एक गर्भ आहे, एक गोगलगायही आहे. चित्र धातूच्या पत्र्यावर आहे. मेक्सिकोतील कॅथलिक भाविक संकटातून सुटल्यावर तो प्रसंग अशाच लहान पत्र्यावर रंगवून मंदिरात वाहतात. फ्रिडा कम्युनिस्ट होती; तरी दुःखाला रूप देण्याची वेळ आली तेव्हा तिने रीत उचलली ती भाविकांचीच. मात्र त्या पत्र्यांवर आकाशात संत असतात. हिच्या आकाशाखाली केवळ कारखाना दिसतो. तिचा पती दिएगो रिव्हेरा तेव्हा त्याच शहरात भित्तिचित्रे काढीत होता. त्यांत पूर्वेच्या भिंतीवर कंदाच्या पोटात निजलेले अर्भक आहे, आणि त्याचा संबंध या घटनेशी जोडला जातो. पत्नीचा आक्रोश, पतीचे निजलेले मूल: एका घरातला शोकही एका तऱ्हेचा नसतो.

आपल्याकडे वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाची बाळे विकत मिळतात. अपत्य हवे असलेली जोडपी ती वाहतात. मागण्यासाठी आकृती आहे. गमावल्यावर वाहण्यासाठी मात्र काहीच नाही.

स्त्रीला पूर्वी निदान जाते होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. घरात कोणाला सांगता येत नव्हते ते बाईने जात्याला सांगितले. पुरुषाला जातेही नव्हते. रेव्हरंड टिळकांनी अपत्यवियोगानंतर लिहिलेल्या विलापिकेला 'बापाचे अश्रू' हे नाव दिले, हे धैर्यच म्हणावयाचे.

आता आक्षेपाकडे वळू. स्नानसंस्काराविना गेलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपविते, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. आईवडिलांची स्नानसंस्काराची इच्छा होती, अशा बालकाचा अंत्यविधी करण्यास बिशप अनुमती देऊ शकतात, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेत आहे. परंतु सोपवायचे ते 'कोणाला तरी'; 'काहीतरी' सोपविता येत नाही. ते कोणीतरी होते, हे आईवडिलांनी प्रथम स्वतःशी म्हणावे लागते. मातीची ओबडधोबड आकृती तेवढेच म्हणते. ती बाळाच्या चेहऱ्याची नक्कल नसते, म्हणून ती खोटीही नसते. ती दोघांनी मिळून केली तर पतीच्या हातांनाही काही काम मिळते.

ज्या मातेला गप्प बसावेसे वाटते तिच्या हातात कुंचला देण्याची घाई मात्र कोणी करू नये. तसेच अशा कृती प्रदर्शनात मांडण्याचा मोह आमच्या संस्थांनी टाळावा.

२ नोव्हेंबरला दफनभूमीत कबरींवर मेणबत्त्या लागतात तेव्हा या दांपत्यांना उभे राहायला जागा नसते. त्या दिवशी प्रत्येक धर्मग्रामात वेदीपाशी एक लहान मेज मांडावे. कोणी मातीचे बाळ आणील, कोणी ते टोपडे, अर्धवट विणलेलेच.