वीस सायकलींची एक सायकल

चांगल्या कामासाठी पैसे गोळा करायचे तर आधी लोकांना काहीतरी करून दाखवले पाहिजे का? कोणी धावतो, कोणी डोंगर चढतो, कोणी सायकलवरून अख्खा खंड ओलांडतो आणि म्हणतो, माझ्याकडे पाहून अमक्या कामाला मदत करा. काम चांगलेच असते. मग मध्ये हा माणूस आणि त्याची सायकल कशाला? सायकलीचे आणि प्रवासाचे पैसे त्याने सरळ त्या कामालाच दिले तर? हा प्रश्न मला २०११ साली पडला. घरातल्याच माणसाबाबत पडला, म्हणून टाळता आला नाही.

त्या वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर मी टोरांटोला धाकट्या बहिणीकडे होतो. तिचा मुलगा पुढच्या जानेवारीत इजिप्तमधील कैरोहून निघून दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनपर्यंत सायकलने जाणार होता. अंतर सुमारे १२,००० किलोमीटर, मुदत चार महिने. अशा सफरी २००३ पासून निघू लागल्या आणि देशोदेशीचे लोक रीतसर शुल्क भरून त्यांत सामील होतात. (सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटल्यापासून तिथून जाणारा सरळ मार्ग राहिलेला नाही, तेव्हा तो होता.) बहीण मला म्हणाली, "दादा, तू जरा समजाव त्याला." काय समजवायचे ते मात्र तिने सांगितले नाही.

भाचा कामावरून आला की तळघरात उतरे. मीही स्टूल घेऊन बसे. तीस वर्षे मी सायकलवरून शाळेत शिकवायला गेलो आहे. पंक्चर काढणे, छर्रे बदलून ग्रीस भरणे, निसटलेली चेन एका बोटाने चढवणे ही कामे मला येतात. आपण याला चार गोष्टी शिकवू, असे मला वाटले होते. झाले उलटेच.

त्याने फ्रेम पोलादी घेतली होती. एका हाताने सहज उचलता येईल अशी कार्बनची सायकल दुकानात होती, ती त्याने नाकारली. पोलाद मोडले तर गावातला वेल्डिंगवाला जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमला खास कारागीर लागतो, आणि कार्बन तडकले तर रस्त्यात काहीच करता येत नाही. चाके २६ इंची, कारण आफ्रिकेतल्या लहान गावांत त्या मापाचे टायर मिळण्याचा संभव जास्त. टायर रुंद, आणि प्रत्येक चाकाला ३६ स्पोक.

खरी मेहनत मागच्या चाकावर झाली. आपल्याकडे सायकलवाला चाकाचा आउट काढतो तो ब्रेकच्या रबराकडे बघत, डोळ्यांच्या अंदाजाने. भाचा त्याशिवाय एकेक तार बोटाने छेडून तिचा आवाज ऐके. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर सारखा आला पाहिजे. मागच्या चाकात उजवीकडे गिअरच्या चक्रांना जागा द्यावी लागते, म्हणून त्या बाजूच्या तारा डावीकडच्यांपेक्षा जास्त ताणलेल्या असतात. सामानाचे ओझे आणि पायांचा जोर, दोन्ही मागेच. त्यामुळे तुटतो तो बहुधा तिथलाच स्पोक, आणि तो बदलायचा तर आधी गिअरची चक्रे उतरवावी लागतात. त्याने त्यासाठीची हत्यारे बांधून घेतली, जादा स्पोक फ्रेमच्या दांडीला टेपने चिकटवले आणि तळघरातला दिवा मालवून, फक्त कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात स्पोक बदलण्याचा सराव केला. पहिल्या रात्री दीड तास लागला. तिसऱ्या रात्री पंचवीस मिनिटे.

चेनचेही तेच. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरतात. वापराने त्यांची लांबी एक सोळांश इंच वाढली की चेन बदलायची. आळस करून एक अष्टमांश होऊ दिली तर ती दातेही खाऊन टाकते आणि मग सगळेच बदलावे लागते. तीस वर्षे मी चेन तुटेपर्यंत वापरली होती, हे मी त्याला सांगितले नाही.

ऑक्टोबरात सगळे सामान लादून तो तीन दिवस फिरून आला. कॅरिअरचा एक स्क्रू ढिला झाला होता आणि त्याचा उजवा गुडघा दुखत होता. सीट बोटभर वर केल्यावर गुडघा थांबला. सगळे स्क्रू काढून, आटे पक्के धरणारा द्रव लावून त्याने पुन्हा बसवले. मी म्हणालो, "एवढी काळजी?" तो म्हणाला, "मामा, लोक माझ्या भरवशावर पैसे देणार. माझ्याच हयगयीने मी कुठेतरी अडकलो, तर बरोबरच्यांनी थांबायचं का माझ्यासाठी?"

ते मला पटले. दुसऱ्याच्या विश्वासावर निघालेल्याने आपला स्क्रूही ढिला ठेवू नये, एवढी नीती मला कळते. पण मग टेबलावर पडलेले बिल माझ्या नजरेस आले. सायकल, चाके, चामड्याची सीट, हत्यारे मिळून २,६८० डॉलर.

तो ज्या संस्थेसाठी पैसे गोळा करत होता ती सायकलीच देते. तिचे नाव वर्ल्ड बायसिकल रिलीफ. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत लोकांना सायकली देण्यातून २००५ साली ती सुरू झाली आणि पुढे आफ्रिकेत गेली. तिच्या सायकलीला बफेलो म्हणतात, म्हणजे म्हैस, आणि नाव शोभते. पोलादी, गिअर नाही, पेडल मागे फिरवले की ब्रेक लागतो, वजन वीस किलोच्या वर, आणि मागच्या कॅरिअरवर शंभर किलो ओझे चालते. शाळा लांब असलेल्या मुली, घरोघर फिरणारे आरोग्यसेवक, दूध विकणारे शेतकरी यांना ती मिळते. त्यांच्याच भागातल्या तरुणांना दुरुस्तीचे शिक्षण देतात, कारण दुरुस्त करणारा नसेल तर दान वर्षभरात भंगार होते. पुढे झांबियात झालेल्या एका अभ्यासात, सायकल मिळालेल्या मुलींची शाळेतली गैरहजेरी सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळली. बिहारमध्ये २००६ पासून सरकारने मुलींना सायकली दिल्या, त्याचीही कथा अशीच आहे.

त्या वेळी अशी एक सायकल १३४ डॉलरला पडत असे. मी मास्तर माणूस. भागाकार आपोआप झाला. २,६८० भागिले १३४. वीस. शेष शून्य.

रात्री जेवताना मी ते बोललो. "तुझ्या एका सायकलीत वीस मुली शाळेत गेल्या असत्या. प्रवासाचा सगळा खर्च धरला तर शंभरावर. तू घरी बसून चेक लिही. सायकलही नको आणि लोकांकडे हात पसरणेही नको."

भाच्याने घास खाली ठेवला. रागावला नाही. म्हणाला, "मामा, दोन वर्षांपूर्वी ताईच्या लग्नात बँडला किती दिले होते?"

बहीण हसली. मी पाणी प्यालो. आमच्या वसईत लग्नाला बँड नसेल तर लोक आजारपण आहे की काय विचारतात, हे त्या मुलाला काय ठाऊक. पण उत्तर म्हणून ते चालण्यासारखे नव्हते.

त्या रात्री झोप आली नाही. बेथानीच्या घरात महागडे सुगंधी तेल ओतले गेले, तेव्हा ते विकून पैसे गरिबांना देण्याची सूचना कोणी केली होती, हे वाचकांना माहीत आहेच. आपण त्याच्याच शेजारी जाऊन बसलो की काय, असे वाटून बरे वाटले नाही. तरी त्या प्रसंगाने भाच्याची सुटका होते असेही नाही. ते तेल दुसऱ्याच्या पायांवर ओतले होते. या सायकलीवर तो स्वतःच बसणार होता.

कोणी म्हणेल, हौसेचे पैसे दानात कधी जाणारच नव्हते, मग तुलना कशाला? हे खरे आहे, पण जगातल्या प्रत्येक श्रीमंताला हे उत्तर उपयोगी पडते, म्हणून मला त्याचा भरवसा वाटत नाही. उलट, सगळी हौस दानात घाला असे म्हणणाऱ्याने आधी आपले कपाट उघडून दाखवावे. मग प्रश्न राहतो कुठे? मला वाटते, तो राहतो पैसे मागताना आपण काय सांगतो त्यात.

कॅनडातल्या मुलांना टेरी फॉक्सचे नाव शाळेतच कळते. कर्करोगाने एक पाय गेलेला हा मुलगा १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडहून कृत्रिम पायाने धावत निघाला. रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढे अंतर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसात पोचल्याने त्याला थांबावे लागले आणि २८ जून १९८१ रोजी तो गेला. प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून संशोधनासाठी एक डॉलर मिळावा, ही त्याची इच्छा त्याच्या हयातीत पुरी झाली होती. त्याचे धावणे आणि त्याचे मागणे वेगळे काढता येत नाही. ज्या दुखण्यासाठी तो मागत होता, ते त्याच्याच अंगात होते. त्याच्यामागून आलेल्या हजारो लोकांनी त्याची रीत उचलली. दुखणे मात्र सगळ्यांपाशी नव्हते. मग ते शब्दांत आणावे लागते.

भाच्याने मित्रांना आणि कचेरीतल्या लोकांना पाठवायचे पत्र तयार केले होते. आफ्रिकेतल्या मुलांसाठी मी चार महिने ऊन, धूळ आणि वेदना सोसणार आहे, अशी त्याची सुरुवात होती. दुसऱ्या दिवशी तळघरात मी त्याला विचारले, "या मुलांचे तुला कधी कळलेच नसते, तर तू गेला नसतास का?"

तो हातातला पाना पुसत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "गेलोच असतो."

"मग त्यांच्यासाठी सोसतोस असे का लिहितोस?"

"तसंच लिहितात, मामा. त्याशिवाय कोणी देत नाही."

आमचे त्यावर दोन दिवस बोलणे झाले. शेवटी पत्र बदलले ते त्यानेच, मी फक्त स्टूलवर बसलो होतो. नव्या पत्रात असे होते: ही सफर मी माझ्या हौसेसाठी करतो आहे आणि तिचा सगळा खर्च माझा आहे. लहानपणापासून सायकलने मला आनंद दिला आहे. ती जिथे आनंदाच्या आधी गरजेची वस्तू आहे, अशा प्रदेशातून मी जाणार आहे. तिथे सायकली देणाऱ्या संस्थेला तुम्ही मदत करावी असे मला वाटते. पैसे माझ्याकडे देऊ नका, थेट तिकडे पाठवा.

एका मित्राने कळवले, असल्या पत्राने दमडी मिळणार नाही. पहिल्या आठवड्यात तो खरा ठरतो की काय असे वाटले. माझी तिकडून निघायची वेळ झाली तेव्हा मी एका सायकलीचे पैसे दिले, आपल्या हिशेबाने जवळजवळ सात हजार रुपये. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही दिलेच पाहिजे असं नाही." मी म्हणालो, "माझी हौस."

तो गेला आणि पोचला. इथिओपियात नाईल नदीच्या घळीत हजार मीटरहून जास्त उतरून पुन्हा तेवढेच चढावे लागते, तिथे त्याला दोनदा उतरून सायकल ढकलावी लागली. उत्तर केनियात मोयाले ते मार्साबित हा रस्ता तेव्हा दगडांचा आणि लाटालाटांचा होता. आता डांबरी झाला आहे. तिथे मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले, दोन्ही उजवीकडचे. ते बदलायला त्याला चाळीस मिनिटे लागली, कारण भोवती पोरे जमली होती आणि प्रत्येकाला चाक धरायचे होते. त्यातल्या एकाने तार छेडून, ही सैल आहे, असे खुणेने दाखवले. खरोखरच सैल होती, असे भाच्याने लिहिले.

मे महिन्याच्या अखेरीस त्याने मला दोन कागद पाठवले. एकावर लोकांनी दिलेल्या सायकली, एकूण ३१. दुसऱ्यावर त्याचा स्वतःचा खर्च, चेनपासून विमानाच्या तिकिटापर्यंत, शेवटच्या डॉलरपर्यंत. मी मागितला नव्हता. बेरीज पाहिली तर भागाकारात तो हरलाच होता, आणि हे त्याला माझ्याआधी माहीत होते.

ते कागद मी ज्या खणात ठेवले, त्यात लेकीच्या लग्नाच्या खर्चाची वही आहे. बँडचा आकडा तिसऱ्या पानावर आहे. भाच्याला मी तो अजून सांगितलेला नाही.