वाढत्या अंगाची शिस्त

जून महिन्यात गणवेशाच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मागच्याच वर्षी घेतलेली पँट, पण घोट्याच्या वर गेली हो!" म्हणणाऱ्या आईच्या आवाजात कुरकुर असते आणि कौतुकही असतं. पुढे पंधरा दिवसांत शाळेच्या डायरीत लाल शाईतलं दुसरं वाक्य येतं, 'वर्गात लक्ष नसते. सतत जागा सोडतो. पालकांनी भेटावे.' हे वाचून पोटात गोळा येतो. दोन्ही वाक्यं एकाच मुलाबद्दलची, एकाच काळातली. पण ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

ज्या घरात एडीएचडी असलेलं मूल आहे, तिथे तर ती एकत्र वाचायलाच हवीत. अशा घरांना एक अनुभव पुन्हा पुन्हा येतो. महिना-दोन महिने बरे जातात. दप्तर जागेवर असतं, गृहपाठ दोन हाकांत होतो, जेवताना ताट सोडून पळणं कमी होतं. घर जरा श्वास घेतं. आणि मग एका आठवड्यात सगळं विस्कटतं. मुलाच्या अंगात वारं शिरल्यासारखं होतं. क्षुल्लक गोष्टीवरून रडारड, दार आपटणं, उलट उत्तरं सुरू होतात. आजी म्हणते, "लाडावून ठेवलंत." बाबा म्हणतात, "मुद्दाम करतोय." आईला वाटतं, औषध लागू पडेनासं झालं. शेजारच्या काकूंकडे 'दोन धपाटे' हा रामबाण उपाय तयारच असतो. निदानं इतकी होतात, पण मुलाला भिंतीशी उभं करून त्याची उंची मोजायला कुणी उठत नाही.

लक्ष टिकवणं, हालचाल आवरणं आणि मनात आलेली गोष्ट क्षणभर थोपवणं ही तीन कामं मेंदूला जड जातात, त्या स्थितीला एडीएचडी म्हणतात. बुद्धी कमी असण्याशी तिचा संबंध नाही, आळसाशी तर नाहीच. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एडीएचडी असलेली २२३ मुलं आणि नसलेली तितकीच मुलं, यांच्या मेंदूच्या प्रतिमा त्यांनी तपासल्या. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी बालपणी वाढत जाते, एका टप्प्याला शिखर गाठते आणि मग उतरू लागते. इतर मुलांमध्ये हा टप्पा सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास आला. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमारास. वाढीचा क्रम तोच होता, फक्त वेळ मागे पडलेली. सर्वांत जास्त उशीर दिसला तो कपाळामागच्या भागात, म्हणजे स्वतःला आवरण्याचं काम जिथून चालतं तिथे. हालचालींचं काम पाहणारा भाग मात्र या मुलांमध्ये किंचित आधीच तयार झालेला आढळला. धावण्याची तयारी आधी पूर्ण होते आणि थांबण्याची मागून येते. 'पायाला भिंगरी' म्हणून आपण ज्याला हसतो किंवा ज्यावर चिडतो, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

शरीर मात्र मेंदूच्या त्या भागासाठी थांबत नाही. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. पौगंडावस्थेच्या भरात मुलांचा वेग वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जातो, मुलींचा आठच्या आसपास. आणि मुलींमध्ये हा भर मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षं आधी येतो. तेरा वर्षांचा मुलगा बघता बघता आईच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो आणि लग्नकार्यात भेटलेले मामा म्हणतात, "घोड्याएवढा झालास, अक्कल कधी येणार?" मामांनी उंची पाहिली आणि त्या उंचीला शोभेल एवढी अक्कल मागितली. मास्तरही तेच करतात, आपणही तेच करतो. बाहेरून दिसणारी वाढ पाहून आतल्या वाढीचा अंदाज बांधायची सवय सगळ्यांनाच असते. एडीएचडीच्या मुलाच्या बाबतीत हा अंदाज सर्वांत जास्त चुकतो आणि त्याची किंमत ते मूल बोलणी खाऊन चुकवतं.

उंची वाढली म्हणून एडीएचडी वाढला, असं सरळ गणित मांडता येत नाही. पण वाढत्या शरीराला झोप आणि अन्न जास्त लागतं, आणि नेमक्या याच दोन गोष्टींची या मुलांच्या दिवसात ओढाताण असते. वाढ संथपणे, रोज थोडी थोडी होते असं आपण धरून चालतो. मिशेल लॅम्पल यांनी तान्ह्या बाळांची रोजच्या रोज लांबी मोजून १९९२ साली दाखवलं की तिथे तरी वाढ उड्या मारत होते: कित्येक दिवस काहीच नाही आणि मग एकाएकी झेप. पुढच्या एका अभ्यासात त्यांना अशा झेपेच्या आसपास बाळं जास्त झोपताना आढळली. मोठ्या मुलांतही पौगंडावस्थेत हात-पाय आधी लांबतात, धड मागून येतं. नव्या लांबीच्या पायांचा सराव होईपर्यंत मूल दाराच्या चौकटीला धडकतं, ताटाला पाय लावतं, दुधाचा पेला कलंडवतं. आधीच 'धांदरट' म्हणून नाव पडलेल्या मुलाच्या खात्यावर हे सगळंही जमा होतं.

झोपेचा हिशेब तर वेगळाच आहे. वाढीचं संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवतं. शाळकरी वयात नऊ ते बारा तास आणि तेराव्या वर्षापासून आठ ते दहा तास झोप मिळावी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. त्यातच वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि रात्री झोप उशिरा येऊ लागते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं ठरवलं. निर्णय चांगलाच आहे. पण ज्यांना सकाळी उठणं शरीरामुळेच अवघड होतं, ती सातवी-आठवीची मुलं त्याच्या बाहेर राहिली. सकाळी साडेसहाच्या रिक्षासाठी ओढत उठवलेला मुलगा दुसऱ्या तासाला बाकावर चुळबुळतो. अपुऱ्या झोपेने मोठी माणसं पेंगतात, लहान मुलं पुष्कळदा उलट जास्त चळवळी होतात. बघणाऱ्याला वाटतं, एडीएचडी बळावला.

जेवणाचंही तसंच. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं नेहमीचं औषध. अनेकांना त्याचा चांगला उपयोग होतो, पण ते भूक मारतं. दुपारचा डबा जसाच्या तसा परत येतो. त्याचा कमी मुदतीचा डोस साधारण चार तास टिकतो, दीर्घ मुदतीचा आठ ते बारा तास. म्हणजे संध्याकाळी औषधाचा अंमल ओसरत असतो, पोटात सकाळपासून फारसं काही नसतं, वाढत्या अंगाला सपाटून भूक लागलेली असते आणि समोर क्लासचा गृहपाठ असतो. सहा-सात वाजता घरात होणारा स्फोट या चार गोष्टींचा मिळून असतो. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा थालीपीठ-लोणी समोर ठेवावं, बोलणं नंतर. ज्या घरांनी सकाळी गोळीच्या आधी पोटभर न्याहारी आणि शाळेतून आल्या आल्या भरपेट खाणं एवढंच पाळलं, त्यांच्या संध्याकाळी किती शांत होतात ते त्यांनाच विचारावं.

याच कारणासाठी डॉक्टर प्रत्येक भेटीत या मुलांची उंची आणि वजन घेतात. दीर्घकाळ चाललेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, तीन वर्षं औषध घेणारी मुलं औषध न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी दोन सेंटिमीटरने मागे राहिलेली दिसली. घाबरून औषध फेकून द्यावं इतका हा आकडा मोठा नाही, दुर्लक्ष करावं इतका लहानही नाही. आपल्याकडच्या मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचे २०१५ सालचे वाढीचे तक्ते आहेत. फाइलमधल्या त्या वक्ररेषेवर आपल्या मुलाचा ठिपका कुठे आहे आणि गेल्या वेळी कुठे होता, हे आई-बाबांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. डोस कमी-जास्त करण्याचा निर्णय मात्र त्यांचाच. सुट्टी लागली म्हणून गोळी बंद, परीक्षा आली म्हणून जास्त, हा कारभार घरच्या घरी करायचा नसतो.

आता प्रश्न आपल्या शिस्तीचा. मुलाचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. शिंपी पँटच्या आत दोन बोटं कापड दुमडून ठेवतो आणि गरज पडली की उसवून देतो. नियमांच्या बाबतीत एवढी दूरदृष्टी आपण दाखवत नाही. सातव्या वर्षी भिंतीवरच्या तक्त्यावर चांदणी चिकटवली की मूल हरखून दात घासायचं. अकराव्या वर्षी तोच तक्ता मित्रांनी पाहिला तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग ते तक्ता फाडतं आणि आपण म्हणतो, बिघडलं. मूल बिघडलेलं नसतं, नियम आखूड झालेला असतो. लहानपणी आपण आज्ञा करायचो. आता दोन पर्याय देऊन निवड त्याच्यावर सोपवावी लागते. पूर्वी बक्षीस लगेच द्यायचो. आता ते काय असावं हे त्याच्याशी बसून ठरवावं लागतं. त्याचं न्हाणं, त्याचं कपाट, त्याची खोली यांत एक पाऊल मागे सरकावं लागतं. काही गोष्टी मात्र वय वाढलं तरी तशाच ठेवायच्या: सूचना एका वेळी एकच आणि थोडक्यात, अभ्यासाचे तुकडे लहान, मध्ये उठून हिंडण्याची मुभा, आणि झोपेची वेळ ठरलेली. या मुलांना चौकट हवीच असते. ती किती मोठी असावी, हे दर काही महिन्यांनी पुन्हा पाहायचं, इतकंच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 'वाढीचं वय आहे, होईल नीट' या वाक्याआड खरे त्रास लपतात. चष्म्याचा नंबर बदललेला असतो, टॉन्सिल वाढल्याने रात्रभर घोरून झोप मोडलेली असते, रक्तात लोह कमी असतं, वर्गात कुणी छळत असतं, किंवा वाचन-लेखनाची अडचण आतापर्यंत कुणाच्या ध्यानात आलेली नसते. मुलींच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावं. त्या वर्गभर पळत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात. म्हणून निदानाला उशीर होतो आणि पाळीच्या सुमारास बदललेलं सगळं वागणं 'वयाचं खूळ' म्हणून उडवून लावलं जातं. उदासपणा, स्वतःला इजा करण्याची भाषा, पूर्वी जमणाऱ्या गोष्टी न जमणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. आणि ज्या मुलाचं निदान झालेलं नाही, त्याच्या चार दिवसांच्या उनाडपणाला घरीच एडीएचडीचं लेबल लावू नये. बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी लक्षणं असतील, तरच तज्ज्ञ त्या दिशेने विचार करतात.

एडीएचडीचा मोठा वाटा आनुवंशिक असतो. त्यामुळे "हा माझ्यावरच गेलाय" असं एखादे बाबा हसत म्हणतात, तेव्हा ते पुष्कळदा खरं बोलत असतात. ज्यांना स्वतःला वेळ पाळणं, वस्तू जागेवर ठेवणं जमत नाही, त्यांच्याकडून मुलासाठी काटेकोर दिनक्रमाची अपेक्षा असते. अशा घरात दोष वाटत बसण्यापेक्षा कामं वाटून घेतलेली बरी. सगळं ओझं एकट्या आईच्या डोक्यावर आणि सगळी टीकाही तिच्याच वाट्याला, हे तरी थांबवता येईल.

तेव्हा पालकांना एवढंच सांगणं आहे. शंभर पानी वही घ्या आणि रोज एकच ओळ लिहा: किती वाजता झोपला, काय खाल्लं, गोळी कधी घेतली, भडका कधी उडाला. दर तीन महिन्यांनी त्याच वहीत उंची आणि वजन लिहा. वागणं बिघडलं की आधी ही वही उघडा, मग तोंड. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या. 'हल्ली फार त्रास देतो' या वाक्यापेक्षा त्यांना तिचा उपयोग कितीतरी जास्त होईल. आणि आज रात्री रागवायची वेळ आलीच, तर तोंडून शब्द जाण्याआधी स्वतःला विचारा: हा नीट झोपलाय का, नीट जेवलाय का, आणि मी याच्या उंचीशी बोलतोय की याच्याशी?