आवाज लाकडात किती, हातात किती

मुलाला गिटार घ्यायला वाशीच्या किंवा नेरुळच्या दुकानात गेलेले पालक पहिल्यांदा लाकडाची चौकशी करतात. रोझवूड आहे का, महोगनी आहे का? उत्तरानुसार किमतीत हजारोंचा फरक पडतो. खरं तर गिटार बोलते ती पुढच्या पातळ फळीतून. जेमतेम 3 मिलिमीटर जाडीच्या या फळीला पोलादी तारांचा 70 किलोच्या आसपासचा ताण झेलायचा असतो आणि वर मोकळेपणी थरथरायचंही असतं. हा तोल सांभाळतात तिला आतून चिकटवलेल्या पट्ट्या. त्या जाड राहिल्या तर आवाज कोंदतो, फार तासल्या तर फळी काही वर्षांत फुगते.

पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचं माहात्म्य मात्र बरंचसं ऐकीव आहे. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने 1862 साली पाठ आणि बाजू चक्क कागदी लगद्याच्या करून दाखवल्या. 2018 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी एकाच घडणीच्या सहा गिटारी घेतल्या. फरक फक्त पाठ-बाजूंच्या लाकडाचा होता. मंद उजेडात, डोळ्यांना काळे चष्मे लावून 52 वादकांनी त्या वाजवल्या, आणि महाग-स्वस्त लाकडांना जवळपास सारखेच गुण दिले.

मिरजेच्या कारागिरांना याचं नवल वाटणार नाही. तिथली तंतुवाद्यांची परंपरा सांगितली जाते ती फरीदसाहेबांपासून. मूळचे ते शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी आणि तबली, म्हणजे पुढची फळी, तुनाच्या लाकडाची. माल निवडण्यात तिथे कुणी हयगय करत नाही. पण सगळा माल उत्तम असूनही तंबोरा मुका राहू शकतो, कारण त्याचा आवाज शेवटी उघडतो तो जवारीवर, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या पाठीला दिलेल्या घडणीवर.

जवारी लावणं हे काम बघण्यासारखं असतं. कारागीर घोडीच्या पाठीवर कानस फिरवतो, तार चढवतो, छेडतो, कान देतो. तार बाजूला सारून पुन्हा दोन हात मारतो. घोडीचा उतार असा साधायचा की थरथरणारी तार तिला टेकत टेकत सुटावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. नेमक्या जागी आला की स्वर खुलतो, केसभर सरकला की मिटतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली याच घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो, ते उपस्वर नियमाने ऐकू येता कामा नयेत. तंबोऱ्यात ते खणखणीत येतात, आणि त्याचं कारण ही वक्र घोडी. नोबेल मिळायला तेव्हा नऊ वर्षं होती. कानशीचं काम त्याआधीच कित्येक दशकं चालू होतं.

असा तंबोरा खाडीकाठच्या नवी मुंबईत आला की वेगळाच प्रश्न उभा राहतो. मिरजेपेक्षा इथली हवा कितीतरी दमट. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तबली हलते. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात त्या वेगळ्याच. जवारी बसते आणि घरातली माणसं म्हणतात, ‘तंबोरा बिघडला.’ वाद्य कपाटावर जातं, मोबाइल पुढे येतो. मोबाइलवरच्या तंबोऱ्याला मी नावं ठेवणार नाही. लोकलमध्ये भोपळा नेणं काय असतं ते ज्याने नेलाय त्याला विचारा. पण त्यातला ध्वनिमुद्रित स्वर हाही कुणीतरी, कधीतरी लावलेल्या एका जवारीचाच असतो. ते हात थांबले तर पुढचं ध्वनिमुद्रण कशाचं करणार?

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. मानांकनाने नावाची नक्कल थांबेल, जवारीची मजुरी वाढणार नाही. ती गिऱ्हाइकाच्या हातात आहे, आणि गिऱ्हाईक अजून लाकडाचेच पैसे मोजतं. वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे या सांगलीकराचं नाव आपण दिलं. शेजारच्या मिरजेच्या कारागिराला इथे वर्षातून एकदा बोलावणं त्यापेक्षा अवघड नाही. एखाद्या संगीत वर्गाने पावसाळा सरल्यावर ते मनावर घ्यावं. गिटार घ्या की तंबोरा, दुकानात लाकूड जरूर विचारा. पण त्याआधी वाद्य दुरुस्त कोण करून देणार ते विचारा, आणि त्या माणसाशी मजुरीवरून घासाघीस करू नका.