टाकाची चीर

शास्त्रपाठ : २ करिंथ १:३-७



१९ व्या शतकात कचेऱ्यांतील कारकून ज्या टाकांनी लिहीत, त्यांच्या पोलादी निबा मोठ्या प्रमाणात इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी तयार होत. जोसेफ गिलॉट व जोसाया मेसन यांचे कारखाने प्रसिद्ध होते. तेथील बहुतेक काम स्त्रियांच्या हातून होई.

पोलादाच्या पातळ पत्र्यातून निबेचा आकार कापीत. पत्रा मऊ असतानाच तिच्या मध्यभागी एक छिद्र पाडीत. मग तिला गोलाई देऊन, लाल होईतो तापवून तेलात बुडवीत. त्यामुळे ती कठीण होई, पण ठिसूळही होई. म्हणून तिला पुन्हा मंद आच देऊन लवचीक करीत. एवढे झाले तरी ती लिहिण्याजोगी नसे. अखेरीस टोकापासून छिद्रापर्यंत तिला चीर देत. त्या चिरेतूनच शाई कागदावर उतरे.

दुःखाने माणूस कठीण होतो. पुष्कळांना तेच सामर्थ्य वाटते. परंतु केवळ कठीण झालेले मन ठिसूळ असते. त्यातून कोणाकडेही सांत्वन वाहत नाही. पौल करिंथकरांस सांगतो की, देव आपल्या संकटात आपले सांत्वन करतो, ते आपण इतर संकटग्रस्तांचे सांत्वन करावे म्हणून. जिच्या घरी मरण येऊन गेले, तीच भगिनी शोकाकुल शेजारणीजवळ न बोलता बसू शकते.

मात्र कोणी अन्यायाने दुसऱ्यास घायाळ करावे आणि त्याला देवाची इच्छा म्हणावे, हे शास्त्रास मान्य नाही. देव जखमांचा भुकेला नाही. तो त्या वाया जाऊ देत नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्या. चीर छिद्रापाशी थांबते. पुढे फाटत नाही. तिची मर्यादा चीर पडण्यापूर्वीच ठरलेली असते. आपल्या शक्तीपलीकडे आपली परीक्षा होऊ न देणारा देव विश्वसनीय आहे, ही ग्वाही १ करिंथ १०:१३ मध्ये आहे.

कचेरीतील निबेने सुंदर नक्षी क्वचितच काढली. तिने रोजचे हिशेब व पत्रे लिहिली. आपलेही पाचारण बहुधा असेच साधे असते. या आठवड्यात एखाद्या दुःखिताच्या दारी जा. तुम्हांला मिळालेले सांत्वन तुमच्यातून त्याच्याकडे वाहू द्या.

प्रभू आपणांस तशी कृपा देवो. आमेन.