एकांताचा हिशेब

लेखन, चित्रकला, गायन यांसारख्या निर्मितीच्या उद्योगात पडलेल्या माणसाने स्वतःची वाढ कशी करावी, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. नेमाने कामास बसावे, टीकेस भिऊ नये, दुसऱ्याशी स्वतःची तुलना करू नये, आणि मुख्य म्हणजे संसाराच्या गलबल्यातून काही काळ तरी बाहेर पडून एकांत साधावा. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. त्या खऱ्या आहेत. गवयाच्या किंवा सुताराच्या मुलास त्या घरातच कळतात. चौथी गोष्ट मात्र दिसते तितकी सरळ नाही, आणि तिच्यापुरतेच आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

पुण्याहून पश्चिमेस पौड मागे टाकून गेले म्हणजे मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागतो. सभोवार सह्याद्रीचे डोंगर, पावसाळ्यात उतरणारे ढग आणि पाण्यावरची ती शांतता पाहून शहरातून गेलेल्या माणसाच्या मनास विसावा वाटावा यात नवल नाही. काठावर आता विश्रांतिस्थाने झाली आहेत. तेथे कोणी चित्रे काढण्यास जातो, कोणी कादंबरी पुरी करण्यास, कोणी आत्मविकासाच्या शिबिरास. या मंडळींची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या शांततेसाठी ते तेथे जातात ती निसर्गाने दिलेली नाही, एवढे त्यांस ठाऊक असावे. मुंबईच्या गिरण्यांस वीज हवी होती. त्यासाठी टाटांच्या कंपनीने नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधले, आणि अडविलेले पाणी घाटाच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडण्याची योजना केली. १९२७ साली हे काम पुरे झाले. सुमारे पन्नास गावांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या. आणि त्या जमिनी म्हणजे आंबेमोहराची भातखाचरे होती. आज जेथे पाखराचा शब्दही दुरून ऐकू येतो, तेथे शंभर वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत माणसांचा कलकलाट असे.

आमचा मुद्दा इतिहासापुरता नाही. निर्मितीसाठी लागणारा एकांत हा बहुतेक वेळा कोणीतरी केलेला असतो, आणि तो करणाऱ्यास त्याची किंमत द्यावी लागते, असे आमचे म्हणणे आहे. वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सच्या फुलांवरची कविता आमच्या पिढीतील प्रत्येकाने शाळेत घोकली आहे. आपण एकटेच भटकत असता ती फुले दिसली, असे कवी तीत सांगतो. पण त्याची बहीण डोरोथी हिच्या रोजनिशीत १५ एप्रिल १८०२ ची नोंद आहे, आणि तीवरून त्या दिवशी दोघे बरोबर होती हे स्पष्ट दिसते. फुलांचे तिने केलेले वर्णनही तेथे आहे, आणि कविता त्यानंतर दोन वर्षांनी झाली. त्या कवितेतील दोन उत्तम ओळी तर कवीच्या पत्नीच्या. काव्यात एकटेपणा शोभतो म्हणून त्याने तो घेतला, याबद्दल आम्ही त्यास दोष देत नाही. परंतु एकांताचा महिमा गाणाऱ्यांनी घरातील ही दोन माणसे विसरू नयेत.

आपल्याकडील उदाहरण याहून बोलके आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वृत्ती खऱ्या कवीची होती: मनात आले की निघावे, हाती आलेला पैसा कोणास देऊन मोकळे व्हावे, उद्याची चिंता करू नये. ती चिंता लक्ष्मीबाई करीत. टिळक १९१९ साली वारल्यावर, त्यांच्या चरित्रास उपयोगी पडतील म्हणून लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहिण्यास घेतल्या, आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथरूपाने बाहेर पडू लागली. लग्न झाले तेव्हा ज्या बाईस अक्षरओळख नव्हती, तिच्या हातून मराठी गद्यातील एक अपूर्व ग्रंथ उतरला. (तिला लिहावयास टिळकांनीच शिकविले, हे त्यांच्या बाजूस मांडलेच पाहिजे.) या पुस्तकात तक्रारीचा सूर जवळजवळ नाही, हसू पुष्कळ आहे, आणि तरीही कवीच्या मोकळेपणाचा पै-पैचा हिशेब त्यात आपोआप लिहिला गेला आहे. आमच्या मते आज टिळकांच्या कवितेहून तो हिशेबच अधिक वाचला जातो.

येथे कोणी म्हणेल की, हा हिशेब कलावंतास कळला म्हणून त्याची कला सुधारते काय? नाही, खात्रीने सुधारत नाही. मुळशीच्या निळ्या पाण्यावरची चांगली कविता ही बुडालेल्या गावांवरच्या वाईट कवितेहून चांगलीच राहणार. सद्‌हेतूने वृत्ताचे दोष झाकले जात नाहीत. आत्मविकासाचे पाठ देणारे येथेच गल्लत करतात. माणूस वाढला की त्याची कला वाढते, असे ते गृहीत धरतात, आणि मग कला वाढावी म्हणून माणसाने वाढावे असा उपदेश करतात. या दोन वाढी निरनिराळ्या आहेत. कधी त्या एकमेकींस साहाय्य करतात, कधी एकीसाठी दुसरी थांबवावी लागते.

पांडुरंग महादेव बापट यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८८० साली पारनेरास जन्मलेला हा गृहस्थ डेक्कन कॉलेजात शिकला, शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोस गेला, पॅरिसमध्ये बाँबची विद्या शिकून परतला, आणि पुढे पारनेरचे रस्ते स्वतःच्या हाताने झाडू लागला. पद्यरचनेची त्यांस जन्मभर आवड होती. पुण्यास वर्तमानपत्रांत आणि केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कचेरीत लेखनाचे काम मिळाले होते. बुद्धिमान माणसाने ग्रंथकार होण्यास याहून अधिक काय लागते? १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि बापट त्यात उतरले. सेनापती ही पदवी त्यांस तेथेच चिकटली. मावळातील जमिनींवर ज्यांचे कर्ज होते ते सावकार मोबदल्याकडे वळले, पुण्याच्या पुढाऱ्यांत मतभेद झाले, लढा ओसरला. बापट मागे हटले नाहीत. १९२४ च्या डिसेंबरात धरणाच्या कामावरील आगगाडी त्यांनी शस्त्रे घेऊन अडविली, आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. शस्त्र घेण्याच्या त्या निर्णयाची योग्यायोग्यता हा निराळा विषय आहे, आणि आम्हांस त्याविषयी शंका आहेत. परंतु एकांत मिळविण्याची सर्व सोय असता त्यांनी ती टाकून दिली, एवढे निर्विवाद आहे.

त्यांच्या पद्यांस आम्ही पहिल्या प्रतीचे काव्य म्हणणार नाही. पुण्याच्या खोलीत बसून त्यांनी वृत्त घासूनपुसून घेतले असते, तर कदाचित अधिक चांगले कवी झाले असते. म्हणून मराठी वाङ्मयाचे नुकसान झाले, असे कोणास म्हणावयाचे असेल तर त्याने अवश्य म्हणावे. पण ते कोणापुढे उभे राहून म्हणणार? ज्या शेतकऱ्याच्या खाचरावर पाणी चढत होते, त्याच्यापुढे हे वाक्य उच्चारवेल काय? आम्हांस ते उच्चारवत नाही, आणि बापटांचे अनुकरण प्रत्येक कवीने करावे असेही सांगवत नाही. बहुतेकांच्या वाट्यास मुळशी येत नाही. वाट्यास येते ते घर. लिहिणाऱ्या मुलाच्या खोलीचे दार हळू लावावे हे घरात सर्वांस कळते. लिहिणारी मुलगी असेल तर तिचे टिपण ओट्यावरच्या डब्याखाली सापडते. मुलाचा एकांत आई आणि बहीण मिळून राखतात आणि त्यास साधना म्हणतात. तिच्या एकांतास अजून नाव मिळालेले नाही.

आणि एकांत मुळीच न मिळता निर्मिती होते, हेही याच मुलखाने दाखविले आहे. मुळशी-मावळच्या बायका पहाटे जात्यावर बसत. दळण सासरच्या माणसांचे, वेळ झोपेतून काढलेली, समोर दुसरी बाई. आणि त्यात ओवी व्हायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० नंतरच्या काळात या डोंगराळ भागापासून आरंभ करून गावोगावच्या ओव्या उतरविल्या, आणि तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. सीता आणि माहेर, भाऊ आणि विठोबा, सासूचा जाच आणि लेकराचे कौतुक, सारे त्यात आहे. या कष्टांचे गोडवे आम्ही गाणार नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जाते आनंदाने सोडले, आणि त्याबरोबर ओवीही गेली तर तिच्यासाठी त्यांनी पुन्हा दळावे असे म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. आमचे लक्ष वेधून घेते ती संग्राहकांची एक साधी रीत. सुशिक्षित माणसाने लोकगीत ऐकले की तो त्याखाली ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळा होतो. या दोघांनी गाणारीचे नाव विचारले, गाव विचारले, आणि ओवीपाशी ते लिहून ठेवले.