आधी कोणी उठावे?

शास्त्रभाग : मत्तय ५:२३, २४



ग्रामपंचायतीची निवडणूक आटोपली, मते मोजली गेली, गुलाल उधळून झाला. मिरवणुकीचा गलबला एका रात्रीत थांबतो. परंतु त्यानंतर गावात जो अबोला पडतो तो कैक वर्षे टिकतो, आणि त्याविषयीच आज आम्हांस आपणांशी बोलावयाचे आहे. कालपर्यंत एका बांधावर बसून भाकर खाणारे दोन शेजारी आज एकमेकांस पाहून वाट बदलतात. लग्नाची पत्रिका त्या घरी जात नाही. चुलतभाऊ मयतीस येतो, पण तोंड फिरवून उभा राहतो. हे सर्व मंडळीच्या बाहेरच राहते असे कोणी समजू नये. उपासनेच्या वेळी एक घराणे डाव्या बाजूस व दुसरे उजव्या बाजूस बसू लागले, म्हणजे पाळकास कोणी न सांगताच कळते की, सरपंचपदाची लढत मंदिराच्या उंबऱ्याच्या आत आली आहे.

विधानसभेचा उमेदवार बहुधा दूरचा असतो. ग्रामपंचायतीस उभा राहतो तो आपला मेहुणा, किंवा ज्याच्या विहिरीवरून आपले पाणी येते तो. ही निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही हे खरे, पण प्रत्येक पॅनेलमागे कोणता पक्ष उभा आहे हे लहान मूलही सांगेल. सरपंच थेट मतदारांनी निवडावा असा नियम आपल्या राज्यात २०१७ साली झाला, २०२० साली तो रद्द झाला, व २०२२ साली पुन्हा आला. त्या नियमाचे गुणदोष जाणत्यांनी ठरवावेत. आम्ही एवढेच पाहतो की, एका खुर्चीसाठी सबंध गाव दुभंगतो. मत गुप्त असते, परंतु मोजणी यंत्रावार होत असल्यामुळे कोणत्या वस्तीने कोणास हात दिला याचा अदमास लोक बांधतात, आणि आमच्या थोड्या घरांच्या वस्तीवर मग बोट दाखविले जाते. ह्या बोटाचे भय आम्ही जाणतो.

आता प्रभूचे वचन पाहा. कोणी आपले अर्पण घेऊन वेदीपाशी आला आहे, आणि तेथे त्यास आठवते की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. प्रभू म्हणतो, अर्पण तेथेच राहू दे. आधी जा, समेट कर, मग ये. हे ऐकणारे गालीलातले शेतकरी व कोळी होते. वेदी यरुशलेमेत होती, गालीलाहून पायी सुमारे तीन दिवसांच्या वाटेवर. म्हणजे तितकी वाट परत चालावयाची, भावाचे दार ठोठवावयाचे, आणि पुन्हा तितकीच वाट तुडवून वेदीपाशी यावयाचे! हा खर्च प्रभूस ठाऊक नव्हता काय? आणखी असे की, भावाचा राग रास्त आहे किंवा नाही, हे तो येथे विचारीत नाही. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्यानेच उठावे, असे तो सांगतो.

म्हणून आमचे मत असे की, जो जिंकला त्याने आधी जावे. हरलेला आधी आला तर लोक म्हणतील, शरण आला, अथवा घरकुलाच्या यादीत नाव घालावयास आला. जिंकलेल्याने एकट्याने जावे. बरोबर कार्यकर्ते नसावेत, आणि भेटीचे छायाचित्र काढून व्हाट्सॲपवर तर मुळीच पाठवू नये.

तेथे जाऊन बोलावे काय, हा प्रश्न उरतो, आणि त्यासाठी दूरदेशची एक खरी हकीकत सांगतो. अमेरिकेत जॉन अॅडम्स व थॉमस जेफर्सन हे दोघे मित्र होते; १७७६ सालचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या समितीत दोघेही होते. पुढे त्यांचे पक्ष निराळे झाले. १७९६ साली अॅडम्स जेफर्सनास हरवून राष्ट्राध्यक्ष झाले. १८०० सालच्या निवडणुकीत जेफर्सनांनी त्यांस पाडले. दोन्ही बाजूंच्या वर्तमानपत्रांनी इतकी चिखलफेक केली की, ४ मार्च १८०१ रोजी जेफर्सनांचा शपथविधी होण्यापूर्वीच, पहाटेच्या अंधारात अॅडम्स राजधानी सोडून निघून गेले. पुढे सुमारे अकरा वर्षे अबोला. मध्यंतरी १८०४ साली जेफर्सनांची कन्या वारली, तेव्हा अॅडम्सांच्या पत्नी अॅबिगेल यांनी सांत्वनाचे पत्र धाडले. जेफर्सनांनी आभार मानले, पण त्याच उत्तरात अॅडम्सांच्या एका जुन्या करणीचे गाऱ्हाणेही घातले. वाद पेटला, आणि पत्रे पुन्हा बंद पडली. दुःखाच्या घरी जुना हिशेब उघडला की असेच होते. आपल्याकडे दहा वेळा पाहिले आहे.

फिलाडेल्फिया शहरी बेंजामिन रश नावाचे वैद्य होते, ते दोघांचेही मित्र. १८०९ सालापासून ते दोघांसही समेटाविषयी लिहीत राहिले. दोन वर्षे काहीच झाले नाही. मग १८११ साली अॅडम्सांकडे आलेल्या पाहुण्यांपाशी ते बोलून गेले की, जेफर्सनांवर आपली प्रीती नेहमीच होती. हे शब्द जेफर्सनांच्या कानी गेले, आणि त्यांनी रश यांस कळविले की, आपल्याला एवढे पुरे आहे. १ जानेवारी १८१२ रोजी अॅडम्सांनी लहानसे पत्र लिहिले, आणि घरच्या विणीचे दोन नग पाठवीत आहे असे त्यात गमतीने म्हटले. ते नग म्हणजे त्यांच्या मुलाच्या व्याख्यानांच्या पुस्तकाचे दोन भाग होते. जेफर्सनांस ते खरेच कापड वाटले, आणि त्यांनी उत्तरात आपल्याकडे घरोघर कसे सूत काततात व कापड विणतात ते लिहिले! अकरा वर्षांच्या अबोल्यानंतरचे पहिले बोलणे सुताचे व कापडाचे. निवडणुकीचे वाद पुढे निघाले, आणि ते कडकही झाले. राज्यकारभार, फ्रान्सची क्रांती अशा गोष्टींत त्यांची मते अखेरपर्यंत जुळली नाहीत. तरी चौदा वर्षांत दीडशेहून अधिक पत्रे झाली. ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्यास पन्नास वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, दोघेही वारले.

आम्ही ह्या दोघांस संत म्हणून पुढे ठेवीत नाही. जेफर्सनांनी मरेपर्यंत माणसे गुलाम म्हणून ठेवली, आणि प्रभू येशूविषयी दोघांचाही विश्वास आमच्या मंडळीचा नव्हता. पण जे ते करू शकले, ते एका भाकरीचे भागीदार असलेल्या आम्हांस जड का जावे?

उपदेशक बंधूंनो, आपणांस रश यांचे काम पाहिजे तितके आहे. गावात कडू शब्द वाहून नेणारे पुष्कळ, त्यांस वेतन लागत नाही. पण ‘माझा राग आहे, तरी तो माणूस मनाने वाईट नव्हे’ असे एखादा आपल्यापाशी बोलून गेला, तर तो शब्द त्याच आठवड्यात दुसऱ्या घरी पोहोचवा. त्यात आपल्या पदरचे काही घालू नका. आपण स्वतः एखाद्या पॅनेलच्या सभेत हार घालून बसला असाल, तर मात्र हे काम मंडळीच्या दुसऱ्या एखाद्या वडिलाकडे सोपवा.

ह्याचा अर्थ लबाडीस लबाडी म्हणू नये असा नव्हे. मतासाठी कोणी पैसे वाटले, किंवा वस्तीचे पाणी तोडण्याची धमकी दिली, तर ते पाप आहे. धमकीस कायद्याची वाट आहे, आणि ती धरण्यास भिऊ नये. परंतु अपराधी आपला भाऊ असेल तर प्रथम त्यास एकांतात गाठून सांगावे, असे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. आमचा रिवाज असा की, प्रथम पारावर सांगतो आणि भावास शेवटी.

आता व्यवहाराची एक गोष्ट. प्रभुभोजनाचा रविवार जेथे जवळ आला असेल, तेथे आदल्या शनिवारची प्रार्थनासभा उपदेशकांनी त्या खेपेस घेऊ नये, व तसे आधीच्या रविवारी मंडळीस जाहीर करावे. ती संध्याकाळ लोकांस मोकळी असू द्यावी. ज्यास ज्याच्या घरी जावयाचे आहे त्याने दिवेलागणीनंतर जावे, आणि पाऊसपाणी, कांद्याचा भाव, म्हातारीचे दुखणे, जे सुचेल तेथून बोलण्यास आरंभ करावा. दार उघडले नाही, तर ओट्यावर थोडा वेळ बसून परत यावे, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जावे.