विचारणारा आणि उत्तर देणारा

वाराणसीच्या घाटांवर उभं राहिलं की गंगेपलीकडे रामनगरचा किल्ला दिसतो. त्या रामनगरात एका गल्लीत लालबहादूर शास्त्रींचं वडिलोपार्जित घर आहे. आता तिथे संग्रहालय आहे. शास्त्रींचं नाव निघालं की राजीनाम्याची आठवण हटकून निघते. नोव्हेंबर 1956 मध्ये तमिळनाडूतल्या अरियलूरजवळ रेल्वे अपघात झाला, दीडशेच्या आसपास माणसं दगावली आणि रेल्वेमंत्री शास्त्रींनी पद सोडलं. मंत्री जनतेला बांधील असतो म्हणजे काय, याचा हा धडा आपण पाठ केला आहे.

पण उत्तर देणारा असा हवा, तर विचारणाराही तसाच हवा. तो याच मुलुखात, वाराणसीच्या शेजारच्या गाझीपुरात सापडतो. 1962 मध्ये तिथले खासदार विश्वनाथ सिंह गहमरी लोकसभेत बोलायला उभे राहिले. समोर पंतप्रधान नेहरू, म्हणजे स्वतःच्याच पक्षाचे नेते. आमच्या भागात माणसं गुरांच्या शेणातले न पचलेले दाणे वेचून, धुऊन खातात, असं त्यांनी सांगितलं. ‘दारिद्र्य’, ‘मागासलेपण’ हे शब्द सभागृहाच्या कानांना सरावाचे होते. शेणातले दाणे नव्हते. सरकारने पटेल समिती नेमली आणि समितीने गाझीपूर, आझमगड, जौनपूर आणि देवरिया या चार जिल्ह्यांची पाहणी केली.

पुढची हकिकत मात्र समाधानाची नाही. गाझीपूर आणि ताडीघाट यांना जोडणारा गंगेवरचा रेल्वेपूल त्या काळापासून मागितला जात होता. त्याची पायाभरणी व्हायला 2016 साल उजाडलं. प्रश्न मांडला म्हणजे तो सुटला, असं होत नाही.

म्हणून संसदेने पाठपुराव्याचीही सोय केली आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. ‘माहिती गोळा करत आहोत’, ‘विचार करू’ असं मंत्री म्हणाले, तर ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करावं, अशी अपेक्षा असते आणि त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती असते.

पण खासदाराच्या हाती नेमका तपशील आला, तरच त्याच्या प्रश्नाला धार येते आणि तो तपशील आपल्यापाशी असतो. आरोग्य केंद्रात डॉक्टर कधीपासून नाही, पूल कुठल्या पावसात वाहून गेला, शाळेच्या किती खोल्या गळतात, हे दिल्लीत कुणाला आपोआप कळत नाही. खासदाराच्या नावाने बोटं मोडण्याआधी एवढं कागदावर लिहून त्याच्या हाती द्या. आणि अधिवेशन संपलं की त्याला विचारा, ‘प्रश्न मांडलात का? उत्तर काय मिळालं?’